मंठ्याचा शेखर दयाल

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी मंडळाचे प्रमुख, माननीय रामरावजी; व्यासपीठाची शोभा वाढवणाऱ्या नगरसेविका पुष्पाबाई; ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा सोडून इथं जमलो ते सत्कारमूर्ती, मंठ्याचे जुने कापड व्यापारी आणि माझे त्याहून जुने विरोधक, श्रीमान अमरचंदजी; त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि आज चहाच्या वेळेला एका वाक्यात माझी पुरती वाट लावणाऱ्या पानबाई वहिनी; पुण्याहून आलेले त्यांचे नातू अक्षत; समोर बसलेले व्यापारी बांधव, शेतकरी बांधव, माता-भगिनी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभी असलेली तरुण मंडळी, सर्वांना अंगदरावाचा मनापासून नमस्कार.

रामरावजी, तुम्ही मला बोलायला उभं केलंत याबद्दल मी आभारी आहे. पण तुमच्या हातावर घड्याळ आहे आणि तुम्ही आत्ताच त्याच्याकडे पाहिलं, हेही मी पाहिलं आहे. माझ्या भाषणाची वेळ संपली की घंटी वाजवायची असं तुमचं ठरलेलं दिसतं. खुशाल वाजवा. कापसाच्या शेतात राखण करून माझे कान असे तयार झालेत की नको ते आवाज मला ऐकूच येत नाहीत.

तर मंडळी, मी आज घरून एक भाषण पाठ करून आलो होतो. नंदाबाईला, म्हणजे माझ्या कुटुंबाला, मी ते म्हशीचं दूध काढताना ऐकवलं. नंदाबाई काही बोलली नाही, म्हशीने मात्र पाय झाडला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ते भाषण काय होतं? थोर अभिनेते शेखर दयाल हे भारतवर्षातले सर्वश्रेष्ठ नट कसे होते, हे त्यात मी शेवटचं, कायमचं, कुणाला परत तोंड उघडता येऊ नये अशा रीतीने सिद्ध करणार होतो. आणि मग अमरचंदजींनी उठून, भर सभेत, हा इथं टेबलावर ठेवलेला गुलाबी फेटा माझ्या डोक्याला बांधायचा, असा कार्यक्रम मी मनात आखला होता. पण दुपारी या मंगल कार्यालयाच्या भिंतीवर पडदा लावून अक्षतरावांनी जो पिक्चर दाखवला, त्यानंतर माझं ते भाषण पार कामातून गेलं. आता जे बोलतोय ते आत्ताच सुचून राह्यलंय. पाहा, प्रमाण भाषेत बोलायचं ठरवून आलो होतो, तेही सुटलं.

बाहेरगावच्या पाहुण्यांना हा फेटा काय आहे ते ठाऊक नसेल. त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

आम्ही दोघं मिसरूड फुटलेल्या वयाचे होतो. मी शेतातून पळून यायचो, अमरचंद दुकानातून पळून यायचा. त्या वेळी मंठ्याला वसंताचा तंबू लागायचा. तंबूतली टॉकीज, खाली माती, पुढं बसलं की मान दुखायची, मागं बसलं की पडदा दिसायचा नाही. आणि वसंताचा धंदा कसा होता? पिक्चरची पेटी एकच आणि तंबू दोन. एक परतूरला, एक मंठ्याला. परतूरला एक रीळ दाखवून झालं की मोटरसायकलवर टाकून ते मंठ्याला यायचं. रीळ पोचेपर्यंत आम्ही शिट्ट्या मारायचो, शेंगा खायचो आणि टरफलं पुढच्याच्या सदऱ्यात टाकायचो. इथं समोर बसलेल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी माझ्या सदऱ्यात टरफलं टाकली आहेत. मी नावं घेत नाही, पण त्यातले एक आज अध्यक्षस्थानी आहेत.

त्या तंबूत आम्ही शेखर दयालचा ‘आंगन का दिया’ पाहिला. दोघांनी, शेजारी शेजारी बसून.

आता मंठ्यात आम्ही काय पाहिलं ते नीट ऐका, कारण सगळी भानगड तिथंच आहे. शेखर दयालची माय मरते. तो अग्नी देतो. न्हावी येतो, त्याचं डोकं भादरतो. इथं रीळ संपलं. शिट्ट्या, शेंगा, सगळं झालं. मोटरसायकल आली. वसंताने नवं रीळ लावलं. आणि काय दिसतं? शेखर दयाल घराच्या ओट्यावर एकटा बसलाय. आणि तो हसतोय. मंडळी, काय हसतोय! पोट धरून, मांडीवर थापा मारून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग घरातून त्याची मेलेली माय बाहेर येते, त्याच्यापुढं भाकरी ठेवते, तिखटाची वाटी ठेवते, त्याच्या केसांतून हात फिरवते. केसांतून! आत्ताच तर भादरले होते! आणि पुढच्या, शेवटच्या रिळात तो पुन्हा बोडका, बैलगाडी हाकत गाव सोडून चाललाय. समाप्त.

तंबूतून बाहेर आलो. मी अमरचंदला म्हटलं, “अमरचंद, असा नट होणे नाही. माय गेल्यावर सगळेच रडतात. हा हसला! इतकं दुःख की माणूस रडण्याच्या पलीकडं जाऊन हसायला लागला. आणि ती माय, ती काही खरी नव्हती. ती त्याच्या मनातली होती.”

अमरचंद म्हणाला, “अन् केसं?”

मी म्हटलं, “केसही मनातले.”

अमरचंद म्हणाला, “अंगद्या, फ्लॅशबॅक असला की पडदा पाण्यावानी हलतो. इथं हलला का?”

मी म्हटलं, “खऱ्या दुःखात पडदा हलत नसतो.”

टाळ्या नका वाजवू. हे वाक्य मी त्या दिवशी बोललो आणि पुढं जन्मभर त्याच वाक्यावर जगलो. आता त्याची काय दशा झाली ती पुढं ऐकाच.

दुसऱ्या दिवशी तो पिक्चर पुन्हा पाहून निकाल लावायचा असं ठरलं, तर सकाळीच वावटळ आली आणि वसंताचा तंबू बाजारतळाच्या पलीकडे बाभळीत जाऊन अडकला. वसंता चिंध्या गोळा करून गेला तो परत आला नाही. मग आम्ही अमरचंदच्या वडिलांच्या दुकानात गेलो, थप्पीतून हा गुलाबी फेटा काढला, आणि शपथ घेतली. शेखर दयाल थोर की फालतू, याचा वाद घालायचा. जो हरेल त्याने सगळ्या गावासमोर जिंकणाऱ्याच्या डोक्याला हा फेटा बांधायचा, आणि मग वाद बंद. तोपर्यंत फेटा दुकानातच, सगळ्यात वरच्या फळीवर. विक्रीला नाही.

आपल्यापैकी कितीतरी लोकांनी लग्नसराईत तो मागितला असेल. “शेठ, तो वरचा गुलाबी दाखवा.” अमरचंदजींचं उत्तर ठरलेलं, “तो कोर्टात आहे.”

मग बाजारचा दिवस आला की मी बैल बांधायचो, दुकानाच्या पांढऱ्या गादीवर जाऊन बसायचो आणि कामकाज सुरू. दुकानात येणाऱ्या माणसाला धोतर पाहिजे की लुगडं हे नंतर विचारलं जायचं. आधी विचारलं जायचं, तुम्ही दयालचे की विरोधी? कुंभार पिंपळगावहून एक मंडळी बस्ता बांधायला आली होती. लग्नाचे कपडे घ्यायला आलेली माणसं, नवरीकडचे वेगळे, नवऱ्याकडचे वेगळे. झालं काय, नवरीचा मामा निघाला दयालचा आणि नवऱ्याचा चुलता निघाला विरोधी. शालू बाजूला राहिला, पातळं बाजूला राहिली, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर जायला लागले. नवरीचा मामा म्हणाला, ज्या घरात शेखर दयालची कदर नाही त्या घरात आमची पोरगी नांदायची कशी? उठलेच सगळे! मग अमरचंदजींनी गादीवर उभं राहून, दोन्ही हात जोडून जाहीर केलं, “शेखर दयाल थोर आहेत. बिलकुल थोर आहेत. बसा, शालू पाहा.” लग्न वाचलं, बस्ता बांधला गेला. मंडळी दाराबाहेर पडताक्षणी मी म्हटलं, “हरलास! काढ फेटा!” तर हा माणूस मला म्हणतो, “धंद्यातलं बोलणं वादात धरत न्हाईत.”

माझी बट तुम्हाला आठवते का? आठवत नसणार, आता टक्कल आहे. पण तेव्हा मंठ्यातल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर शेखर दयालसारखी एक बट यायची. न्हाव्याकडे फोटो लावलेला होता. मला पाहायला नंदाबाईकडची मंडळी आली तेव्हा मी ती बट पाणी लावून लावून बसवली होती. नंदाबाईने मला पसंत केलं ते त्या बटेवर. विचारा तिला, समोरच बसलीय. मान खाली घातली बघा. अमरचंद त्या बटेला काय म्हणायचा ते मी माता-भगिनींसमोर सांगत नाही. बैलाच्या मागच्या बाजूशी त्याचा संबंध होता.

असा आमचा वाद चालू राहिला. शेखर दयाल म्हातारे झाले, त्यांनी बापाच्या भूमिका केल्या, मग आजोबांच्या केल्या, मग ते वारले. टीव्हीवर दिवसभर त्यांचे पिक्चर लागले, आणि आपल्याकडे दिवसभर लाइट नव्हती. काही लोक मला म्हणाले, अंगदराव, आता मोबाइलवर सगळं मिळतं, तो पिक्चर पुन्हा एकदा पाहा. मी पाहिला नाही. मला वाटायचं, इतकं मोठं दर्शन माणसाला एकदाच होतं. पुन्हा मागणं म्हणजे हावरटपणा.

आणि मग गेल्या महिन्यात अमरचंदजींनी दुकान आवरायला घेतलं. मुलगा पुण्याला, सून रुचिताई पुण्याला, नातू पुण्याला. गुडघे जिने चढू देत नाहीत. वहिनींना एकटीने सगळं उरकत नाही. जाणं बराबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण फळ्या रिकाम्या झाल्या आणि वरच्या फळीवरून हा फेटा खाली आला. मी म्हटलं, “निकाल लागायला पाहिजे, अमरचंद. तू जाण्याच्या आधी लागायला पाहिजे.” तो म्हणाला, “लागंल तवा लागंल.” मी म्हटलं, “निरोप समारंभात लावतो.” फेटा मी माझ्या पिशवीत टाकला. मला जिंकायचं होतं, मंडळी. खोटं कशाला बोलू? हा माणूस जाणारच असेल तर किमान त्याने मला थोर म्हणून जावं. मला म्हणजे शेखर दयालला. आता त्या दोघांतला फरक माझ्याही लक्षात राहत नाही.

हे सगळं अक्षतरावांच्या कानावर गेलं. हुशार मुलगा. त्याला वाटलं, आजोबांच्या आवडत्या भांडणाचा पिक्चरच सगळ्यांना दाखवू. दुपारी जेवणं झाली, पडदे ओढले, भिंतीवर ‘आंगन का दिया’ सुरू झाला. मी पहिल्या रांगेत, मांडीवर फेटा. मनात म्हटलं, आता पुरावाच आला. आता अमरचंद कुठं पळतो?

आणि तुम्ही सगळ्यांनी पाहिलं काय झालं. बहिणीचं लग्न जमतं. शेखर दयाल ओट्यावर येऊन बसतो. हसतो. पोट धरून, मांडीवर थापा मारून. माय भाकरी घेऊन येते. जिवंत! केस जागच्या जागी! मी उठून ओरडलो, “अरे, उलटा लागलाय!” आणि अक्षतराव किती नम्रपणे म्हणाले, “आजोबा, हा उलटा लागत नाही.” मग माय मरते. मग डोकं भादरतात. मग गाडी हाकत गाव सोडून जातो. म्हणजे शेखर दयाल हसला तो बहिणीचं लग्न जमलं म्हणून! अरे, माझ्या बहिणीचं जमलं तेव्हा मीही हसलो होतो. त्यात काय थोर?

उजेड झाला तेव्हा सगळं कार्यालय माझ्याकडे पाहत होतं. रामरावजी तर रुमाल तोंडात धरून हलत होते. माझ्या डोक्यात तंबू, मोटरसायकल, वसंता, सगळं एकदम फिरलं. परतूरहून रिळं मागेपुढे आली. पब्लिक बोंबलत होती. जे आधी पोचलं ते वसंताने आधी लावलं. एवढीच गोष्ट! आणि एवढ्यावर मी शेखर दयालला आभाळाला नेऊन टेकवला!

हसा, हसा. मीही हसतोय. पण अजून थांबा.

चहा सुरू होता. मी वहिनींपाशी जाऊन म्हटलं, “वहिनी, आज मी हरलो.” तर वहिनी कपात पाहत म्हणाल्या, “भाऊजी, आम्ही तं असाच पाह्यल्ता. माझ्या भावाच्या लग्नाला हैदराबादला गेल्तो तवा. तिथं सिनेमाला गेलो. आधी हसतो, मंग माय मरते.”

मी म्हटलं, “मंग अमरचंद मला बोलला कसा न्हाई?”

वहिनी म्हणाल्या, “मी म्हन्लं ना त्यांना, की आता जल्दी जाऊन सांगा, जिंकले तुम्ही. तं म्हन्ले, अंगदला कळू देऊ नको. जिंकलो तं बाजारच्या दिशी बोलू कुणासंग?”

मंडळी, मी कप खाली ठेवला.

वहिनींच्या भावाचं लग्न म्हणजे माझं थोरलं पोरगंसुद्धा झालं नव्हतं तेव्हा. म्हणजे अमरचंदजी, तुमच्या खिशात विजय होता आणि तुम्ही तो आजपर्यंत बाहेर काढला नाही! आणि मला आता एकेक आठवायला लागलं. केसांचा मुद्दा! तो यांचा सगळ्यात भारी मुद्दा होता. “बोडक्याला केसं कुठून आली?” याचं उत्तर देता देता मला घाम फुटायचा. आणि एक वेळ अशी आली की यांनी तो मुद्दा काढणंच सोडून दिलं. पुढं काय बोलायचे? शेखर दयालचा आवाज घोगरा आहे. शेखर दयालची पँट ढगळ आहे. शेखर दयालला घोड्यावर नीट बसता येत नाही. असले लुळे मुद्दे! मी ते चटाचट खोडून काढायचो आणि घरी जाऊन नंदाबाईला सांगायचो, अमरचंदमध्ये आता दम राहिला नाही. दम कसला राहिला नाही? हे माप घेऊन हरत होते. कापड फाडावं तसं बराबर मापात. मी जिंकणारही नाही आणि उठून जाणारही नाही, इतकंच.

आता एक गोष्ट बोलतो. बोलावं की नाही असं चहापासून मनात चालू आहे. पण आज नाही बोललो तर अमरचंदजी पुण्याला गेल्यावर मला भिंतीशी बोलावं लागेल.

माझी माय गेली ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. हे हैदराबादनंतरचं आहे, ध्यानात ठेवा. अग्नी देऊन आलो, आंघोळ केली, आणि ओट्यावर येऊन बसलो. डोक्यावरून हात फिरवला तर गुळगुळीत. आणि मला शेखर दयाल आठवला. खरंच सांगतो, मला हसू आलं. आधी बारीक आलं, मग आवरेना. माय जित्ती असती तर म्हणाली असती, “मेल्या, बोडकं तुला शोभत न्हाई.” ते मला तिच्या आवाजात ऐकू आलं आणि मी मांडीवर थापा मारून हसायला लागलो. माणसं घाबरली. कुणी म्हणालं, याला पाणी द्या. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. नंदाबाई दारात रडत उभी. आणि अमरचंद पुढं आला. माझ्या शेजारी ओट्यावर बसला. आणि तोही हसायला लागला. पोट धरून. मग लोकांना वाटलं, दोघं आहेत म्हणजे काहीतरी असेल, आणि ते गप्प झाले. किती वेळ हसलो माहीत नाही. हसता हसता रडलो कधी, तेही कळलं नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी शेखर दयालने मला सांभाळलं. तोच तर त्यांच्या थोरपणाचा माझ्याकडचा शेवटचा पुरावा होता. या भाषणाच्या शेवटी मी तोच देणार होतो. आणि आज कळतंय की शेखर दयालने असं काही केलंच नव्हतं! आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. बिलकुल ठाऊक होतं. तरी तो हसला.

मग थोर कोण, रामरावजी? शेखर दयाल? ते बिचारे बहिणीचं लग्न जमलं म्हणून हसले आणि घरी गेले. वसंता? त्याने तर चुकीचं रीळ लावलं. मंठ्याची पब्लिक? तिने शेंगा खाल्ल्या. नट थोर असतो तो त्याने केलेल्या कामामुळे, की आपण त्याच्यात जे पाहिलं त्यामुळे? मोठमोठे लोक यावर पेपरात लिहितात. मला एवढंच कळतं की जो शेखर दयाल माझ्या उपयोगी पडला तो मुंबईत नव्हता. तो मंठ्यात, बाजारतळावर, वाऱ्याने हलणाऱ्या तंबूत तयार झाला. आणि त्याला इतकी वर्षं जिवंत ठेवला कुणी? त्याला फालतू म्हणणाऱ्या माणसाने. तुमच्यावर माझा फार जीव आहे, अमरचंदजी. हे बाजारच्या दिवशी कधी बोलता आलं नाही, कारण वाद चालू होता.

हो, हो, घंटी ऐकली, रामरावजी. झालंच.

तर शपथ ती शपथ. मी हरलो. या भर सभेत, अध्यक्षांच्या साक्षीने, मी हा गुलाबी फेटा उचलतो. अमरचंदजी, जरा पुढं या. नाही, तुम्ही उठू नका, गुडघे दुखतील, मीच येतो. अक्षत, माईकची वायर सोड बाबा. वहिनी, जरा सरका. हां. मान खाली करा.

काय झालं? मान का हलवताय?

मंडळी, सत्कारमूर्ती नको म्हणून राह्यले. फेटा घेत न्हाईत. अहो, तुम्ही जिंकलात! काय? मोठ्याने बोला, मागच्यांना ऐकू जात नाही. अक्षत, माईक त्यांच्या तोंडापाशी धर.

ऐकलं का सभागृहाने? ऐकलं नसेल तर मी पुन्हा सांगतो, त्यांच्याच शब्दांत सांगतो. अमरचंदजी म्हणतात, “अंगद, हे पोरगं पुण्याहून कोणता पिक्चर घेऊन आलं काय माहीत. आपून पाह्यला तो हा न्हाई. मंठ्यात माय मेल्यावर हसला. म्या तुझ्या बाजूला बसून पाह्यलंय. फेटा ठिव खाली.”

वहिनी, पाहा! साक्षीदार फुटला!

म्हणजे निकाल नाही. अध्यक्ष महोदय, नोंद घ्या, निकाल लागलेला नाही. आणि मी सांगतो अमरचंदजी, माय मेल्यावर हसला हे तुम्ही कबूल केलंत, म्हणजे आता तुम्ही माझ्या बाजूला आलात. मग विरोधी कोण? मीच! तर ऐका. शेखर दयालचा आवाज घोगरा होता. पँट ढगळ होती. घोड्यावर त्यांना बिलकुल बसता येत नव्हतं. द्या उत्तर! आज नको, आज तुमची गाडी आहे. पण उत्तर द्यायला तुम्हाला मंठ्याला यावं लागेल. फोनवरचं बोलणं वादात धरत न्हाईत.

हा फेटा मी घडी घालून घरी नेतोय. दुकान नाही, वरची फळी नाही, तर आमच्या कपाटात नंदाबाईच्या शालूवर राहील. आमच्या नातवाच्या लग्नातसुद्धा कुणाला देणार नाही. कुणी मागितला तर सांगेन, तो कोर्टात आहे. पुण्याला पाठवणार नाही. ज्याला पाहिजे त्याने बाजारच्या दिवशी येऊन डोकं पुढं करावं.

आता आभार. हे कार्यालय दिलं त्या मालकांचे, दुपारचं जेवण रांधणाऱ्या भगिनींचे, घंटी वाजवूनही मला खाली न बसवणाऱ्या अध्यक्षांचे, शेवटपर्यंत जांभई न देणाऱ्या पुष्पाबाईंचे. अक्षतरावांचे विशेष, कारण पिक्चर बराबर लावून त्यांनी माझं भाषण मोडलं, आणि मोडलं नसतं तर मला काहीच कळलं नसतं. पानबाई वहिनी, तुम्ही एवढी वर्षं गप्प राहिलात आणि आज बोललात, दोन्हीबद्दल आभार. तिकडं गेल्यावर यांना गोड कमी द्या आणि यांच्याशी भांडत चला, सवय मोडता कामा नये.

बोलण्याच्या भरात माझंही एखादं रीळ मागचं पुढं, पुढचं मागं लागलं असेल. कुणाला उगाच हसवलं असेल, हसायच्या जागी रडवलं असेल. मोठ्या मनाने सांभाळून घ्या, घरी जाऊन तुमच्या मनात ते बराबर लावून घ्या. आणि नाही लावलं तरी काही बिघडत नाही. मंठ्यात आपण तसंच पाह्यलंय.

नमस्कार.